सूर्याची दुर्बीण घ्यायचीय? आधी भिशी लावा

लातूर जिल्ह्यातल्या औशात माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गेट, ग्रिल, चॅनल, उसाच्या ट्रॉलीची डागडुजी, असलं काम. दिवसभर ठिणग्या बघून पोट भरत नाही का, वर आणखी सूर्य कशाला बघता, असं गिऱ्हाईक विचारतं. पण दुकानासमोर पाइपावर बसवलेली सूर्याच्या दुर्बिणीची ती सोनेरी नळी बघून महिन्याकाठी दोन-चार जण तरी थांबतात. "केवढ्याला पडली? आमच्या लेकराला घ्यायचीय." प्रत्येकाला उभ्या-उभ्या सगळं सांगून होत नाही, म्हणून एकदा लिहून काढतोय.

आधी हिशेब समजून घ्या, कारण तो उलटा आहे. रात्रीच्या दुर्बिणीत आपण उजेड गोळा करायला पैसे मोजतो. तोंड जितकं मोठं तितकी दुर्बीण भारी. सूर्याच्या बाबतीत उजेड हवा त्यापेक्षा लाखो पट जास्त आहे, तो फेकून द्यायला पैसे मोजायचे आहेत. म्हणून चाळीस मिलिमीटर तोंडाची, हातभरसुद्धा नसलेली सूर्याची खास दुर्बीण रात्रीच्या आठ इंची डॉब्सोनियनपेक्षा, म्हणजे मोठ्या आरशाच्या दुर्बिणीपेक्षा, महाग पडते. पैसा भिंगात नसतो, गाळणीत असतो. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानदार "सर, मोठी घ्या" म्हणाला तरी तुम्ही हलणार नाही.

आता डोळ्यांचं. हे वगळून पुढं वाचू नका.

किल्लारीच्या भूकंपाला दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. २४ ऑक्टोबर १९९५, दिवाळीचे दिवस, सकाळी सूर्यग्रहण. आजीनं सगळ्यांना घरात कोंडलेलं. मी मागच्या दारानं दुकानात पळालो आणि वडिलांच्या वेल्डिंगच्या शील्डमधली काळी काच काढून ग्रहण बघितलं. खाल्लेल्या भाकरीसारखा सूर्य. ती काच अकरा नंबरची होती. सूर्याला चौदा नंबर लागतो हे मला वीस वर्षांनी कळलं. डोळे शाबूत राहिले ते नशिबानं. तर, चौदा नंबरची काच किंवा आयएसओ १२३१२-२ छापलेला चांगल्या ठिकाणचा ग्रहण-चष्मा, आणि तोही फक्त नुसत्या डोळ्यांनी बघायला. ही काच किंवा चष्मा लावून दुर्बिणीत डोकावायचं नाही. दुर्बिणीतून एकवटलेला उजेड चष्म्याला जाळून आत जातो. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, आपोआप काळं होणारं वेल्डिंगचं हेल्मेट, यातलं काहीही नको.

दुसरी गोष्ट माझ्याच मूर्खपणाची. पहिली दुर्बीण मी ऑनलाइन मागवली, सत्तर मिलिमीटरची, साडेपाच हजाराला. डब्यात रुपयाएवढी एक हिरवी काच होती, कडेला इंग्रजीत 'सूर्य' लिहिलेलं, आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, खालून फिरवून बसवायची. मी बसवली, सूर्य धरला, पोराला हाक मारायला मान वळवली आणि टक् असा आवाज आला. काच मधोमध तडकली होती. साधी गोष्ट आहे: ती काच नेमकी तिथं बसते जिथं भिंगानं सगळं ऊन एका ठिपक्यात आणलेलं असतं. मान वळवली नसती तर आज हे एका डोळ्यानं लिहीत असतो. ती काच मी ऐरणीवर ठेवून हातोड्यानं फोडली. तुमच्या डब्यात निघाली तर तुम्हीही फोडा. कपाटात ठेवली तर कधीतरी एखादं लेकरू लावणारच.

म्हणून नियम असा की उजेड नळीत शिरायच्या आधी, तोंडावरच अडवायचा.

तोंडावर लावायला सौर फिल्म मिळते. बाडर या जर्मन कंपनीची ॲस्ट्रोसोलर फिल्म सगळ्यात जास्त वापरतात. दिसायला चिवड्याच्या चकचकीत पाकिटासारखी, पण कामाला वेगळी. घेताना आकडा बघा. ५.० लिहिलेली डोळ्यांनी बघायची, ती लाखातला एकच भाग उजेड आत सोडते. ३.८ लिहिलेलीही मिळते, ती फक्त कॅमेऱ्यासाठी. तिच्यातून जवळपास सोळा पट जास्त उजेड येतो. दुकानदाराला कधी कधी फरक ठाऊक नसतो, पाकीट स्वतः वाचा.

मला ए-फोर आकाराचं एक पान तीन हजारांच्या आत पडलं. त्यातून दहा-दहा सेंटिमीटरचे चार चौकोन निघतात, आणि उरलेल्या पट्टीत एका लहान बायनॉक्युलरची दोन्ही तोंडं झाकतात. चौघांनी मिळून घेतलं तर एकेकाला साताठशे. सूर्य बघायला लागणारा पहिला खर्च एवढाच.

टोपण घरीच करायचं. लग्नपत्रिका येतात ना, जाड पुठ्ठ्याच्या, गणपती छापलेल्या, त्या जपून ठेवा. पत्रिकेची चार बोटं रुंद पट्टी कापून दुर्बिणीच्या तोंडाभोवती गुंडाळायची. गुंडाळण्याआधी नळीवर कागदाचे दोन वेढे द्यायचे, म्हणजे टोपण तयार झाल्यावर सहज निघतं-बसतं. मग पुठ्ठ्याच्या दोन सारख्या चकत्या कापायच्या, मधे भिंगाएवढं भोक. एका चकतीला दुतर्फी चिकटपट्टी लावायची. टेबलावर मऊ टिश्यू पेपर, त्यावर फिल्म सपाट पसरायची, आणि चकती वरून अलगद टेकवायची. इथं सगळे चुकतात. आपल्याला वाटतं ढोलकीच्या पुडीसारखी ताणली पाहिजे. ताणायची नाही. सुरकुत्या राहू देत, त्यांनी चित्र बिघडत नाही. ताणली तर बिघडतं. दुसरी चकती वरून चिकटवली की झालं.

लावण्याआधी दर वेळी टोपण बल्बासमोर धरून बघायचं. चांदणीसारखं एखादं बारीक छिद्र असेल तर काळ्या मार्करनं ठिपका द्यायचा, चीर असेल तर फिल्म फेकायची. टोपण नळीवर बसलं की वरून चिकटपट्टीचे दोन तुकडे मारायचे. मार्च-एप्रिलमधल्या आपल्या वावटळी पत्रे उडवतात, पुठ्ठ्याचं काय. आणि शेजारची ती छोटी शोधक दुर्बीण काढून खिशात टाका. तिच्यावर फिल्म नसते आणि पोरं नेमका तिलाच डोळा लावतात. सूर्य धरायला ती लागतही नाही. जमिनीवर नळीची सावली बघायची, ती आखडत आखडत गोल झाली की सूर्य आत आलेला असतो. फिल्म उन्हात पडू न देता डब्यात ठेवायची. आमची लाडवाच्या स्टीलच्या डब्यात असते, दिवाळीत तिला जागा बदलावी लागते.

मोठी आरशाची दुर्बीण असेल तर अख्खं तोंड फिल्मनं झाकायची गरज नाही. पुठ्ठ्याचं घट्ट झाकण करून त्यात एका बाजूला सहा-सात सेंटिमीटरचं भोक पाडा आणि तेवढ्यालाच फिल्म लावा. सूर्याला ते पुरतं. फिल्मशिवाय आयपीसमागं पांढरा कागद धरून प्रतिमा पाडायचीही पद्धत आहे, गॅलिलिओच्या काळापासूनची. ती साध्या भिंगाच्या दुर्बिणीतच करा, आणि सगळा वेळ कुणीतरी मोठं माणूस जवळ उभं हवं. वर्गभर पोरांना एकदम दाखवायला छान, पण प्लास्टिकचा आयपीस वितळतो.

एवढ्यावर मी सव्वादोन वर्षं काढली आणि तुम्हालाही तोच सल्ला आहे. निदान एक वर्ष फिल्मवर काढा. काय दिसतं? डाग दिसतात. गडद गाभा आणि त्याभोवती फिकी झालर. सूर्य ५,५०० अंशांच्या आसपास तापलेला, डाग त्याहून दीड-दोन हजार अंशांनी थंड, म्हणून काळे वाटतात. रोज त्याच वेळेला वहीत गोल काढून डाग टिपले की ते पुढं सरकताना दिसतात. एका कडेवरून निघालेला डाग दुसऱ्या कडेला जायला साधारण तेरा दिवस घेतो. सूर्याच्या अंगावर आडव्या १०९ पृथ्व्या बसतात, त्यावरून डागाचा आकार काढता येतो. माझ्या पोराचं त्रैराशिक शाळेत सुधारलं नाही, ते यात सुधारलं.

२०२४ च्या मे महिन्यातला तो मोठा गट मी विसरणार नाही. ७ मेला लोकसभेचं मतदान झालं, बोटाची शाई तशीच होती, आणि सूर्यावर पृथ्वीच्या पंधरापट लांबीचा डागांचा पुंजका. नुसता ग्रहण-चष्मा लावूनसुद्धा दिसत होता. त्याच गटातून निघालेल्या वादळांमुळं १०-११ मेच्या रात्री लडाखमध्ये हानले या गावी लाल ध्रुवप्रकाश दिसला. आम्ही सकाळी ज्याचं चित्र काढत होतो त्याचा हा प्रताप!

आता खरेदीच्या दृष्टीनं महत्त्वाचं. सूर्याचं साधारण अकरा वर्षांचं चक्र असतं. सध्याचं पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि शिखर गाठल्याचं २०२४ च्या ऑक्टोबरात जाहीर झालं. म्हणजे आता उतार. डाग दरवर्षी कमी होत जातील आणि एखाद्या सकाळी फिल्ममधून कोरी थाळी दिसेल. तेव्हा लेकरू म्हणेल, "बाबा, यात काहीच नाही." तशा दिवसांतही ज्यातून काहीतरी दिसतं ती एच-अल्फा दुर्बीण, हायड्रोजनच्या लाल उजेडात सूर्य दाखवणारी, आणि महाग आहे ती हीच.

त्याआधी हवेबद्दल दोन शब्द, कारण लोक दुर्बीण बदलतात आणि दोष गच्चीचा असतो. सूर्य बघायचा तो सकाळी, ऊन तापायच्या आधी. उगवल्यावर तास-दीड तास सोडा, मग साडेनऊपर्यंतचा वेळ उत्तम. त्यानंतर सिमेंटचा स्लॅब तापतो आणि कडा उकळत्या पाण्यासारखी थरथरते. पत्र्यावरून बघायचं तर नावच काढू नका. माझ्या आजोळी अजून माळवदाचं घर आहे, वर हातभर पांढऱ्या मातीचा थर. त्या माळवदावरून अकरा वाजतासुद्धा डागांची झालर स्थिर दिसते. त्याहून छान तावरजा धरणाच्या काठावरून दिसतं, पाण्यावरची हवा लवकर उकळत नाही. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर बांधली ती याचसाठी. म्हणून ऐंशी-शंभर मिलिमीटरच्या वर जाऊन दिवसा फारसं हाती लागत नाही, हवाच पोचू देत नाही.

हर्शेल वेज नावाचा एक प्रकार आहे. तिरक्या काचेवरून चार-पाच टक्केच उजेड डोळ्याकडं वळतो, बाकीची धग मागून बाहेर जाते. फिल्मपेक्षा चित्र रेखीव. पण चांगली भिंगाची दुर्बीण आधीच असेल तरच घ्या, आरशाच्या दुर्बिणीला चुकूनही लावू नका, आणि सोबतची काळी गाळणी काढू नका. मी घेतला नाही. तेवढे पैसे पुढच्या पायरीला ठेवले.

तर एच-अल्फा. हायड्रोजन एका ठरावीक लाल रंगात चमकतो, ६५६.३ नॅनोमीटर. बाकी सगळे रंग बंद करून तेवढाच ठेवला की सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा दिसतात. एरवी त्या खग्रास ग्रहणातच दिसायच्या. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात गुंटूरला जान्सन या फ्रेंच शास्त्रज्ञानं वर्णपटातून त्या पाहिल्या आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही पुन्हा पाहिल्या. आपण दुकानात चहा पीत तेच करतोय.

आतली यंत्रणा अशी. दोन अतिसपाट काचा अगदी थोडं अंतर ठेवून समोरासमोर बसवलेल्या, तिला इटॅलॉन म्हणतात. ती फणीच्या दातांसारखे मोजके रंग सोडते. दुसरी गाळणी त्यातला एकच दात निवडते, तिला ब्लॉकिंग फिल्टर म्हणतात. घेताना तीन आकडे विचारायचे. पहिला, गाळणी सोडते तो रंगाचा पट्टा किती अरुंद आहे. एक अँगस्ट्रॉमच्या (नॅनोमीटरच्या दहाव्या भागाच्या) आत असला की कडेच्या ज्वाळा छान दिसतात. ०.७ किंवा त्याहून कमी असेल तर पृष्ठभागावरचे काळे तंतूही उठून दिसतात. दुसरा, ब्लॉकिंग फिल्टर किती मिलिमीटरचा. सूर्याची प्रतिमा नाभीय अंतराच्या, म्हणजे भिंगापासून प्रतिमेपर्यंतच्या अंतराच्या, साधारण एकशेनवव्या हिश्शाएवढी पडते. चारशे मिलिमीटरच्या नळीत पावणेचार मिलिमीटर, म्हणून तिला पाच मिलिमीटरचा फिल्टर पुरतो. जास्त मोठ्या फिल्टरला उगाच पैसे घालू नका. तोंडाचा आकार तिसरा, आणि सगळ्यात कमी महत्त्वाचा. चाळीस मिलिमीटर सुरुवातीला भरपूर. दोन इटॅलॉन एकामागं एक लावायची हौस नंतर करा, त्यात किंमत दुपटीजवळ जाते.

एक सापळा सांगतो, माझा ओळखीचा माणूस यात पडता पडता राहिला. ऑनलाइन आठ-दहा हजारांत 'एच-अल्फा फिल्टर' मिळतात. ते रात्रीच्या तेजोमेघांच्या फोटोसाठी असतात, पट्टा सात नॅनोमीटरचा, म्हणजे सत्तर अँगस्ट्रॉम. त्यात सूर्याची धग अडवायची सोयच नसते. ते लावून सूर्य बघितला तर ज्वाळा दिसणार नाहीत, डोळा मात्र जाईल. सूर्याची एच-अल्फा दहा हजारांत मिळत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. कॅल्शियम-के नावाचा जांभळा प्रकारही आहे, पण चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना तो बऱ्याचदा दिसतच नाही, कॅमेऱ्यासाठी ठीक. आणि तुमच्या दुर्बिणीला मागून लावायचा डेस्टार क्वार्क हा सूर्याचा एच-अल्फा फिल्टरही मिळतो. तो विजेवर गरम होतो, जमायला पाच-दहा मिनिटं घेतो. आमच्याकडची वीज माहीत आहे ना, पॉवर बँक जवळ ठेवा.

लुंट कंपनीची नवीन चाळीस मिलिमीटरची एच-अल्फा दुर्बीण परदेशातून आणली तर कस्टम, टॅक्स धरून लाखाच्या घरात जाते. मी तो विचार सोडला आणि कोरोनाडो कंपनीची पीएसटी ही एच-अल्फा दुर्बीण सेकंडहँड शोधली, चाळीस मिलिमीटर, चारशे नाभीय अंतर. पुण्यातल्या एका हौशी माणसाकडं अठ्ठावन्न हजारांत मिळाली. आठ महिने लागले शोधायला. तिची मालक कंपनी मीड २०२४ मध्ये बंद पडली, त्यामुळं दुरुस्ती आता आपली आपणच. भावात घासाघीस करताना हा मुद्दा कामी येतो.

सेकंडहँड घेताना पार्सल मागवू नका, जाऊन बघा. मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेलो, सकाळी त्या पुण्याच्या माणसाच्या गच्चीत. टॉर्च तोंडातून तिरकी मारायची: भिंगावर धुरकट, गंजासारखा थर दिसला तर सोडून द्या. जुन्या नळ्यांत हे होतं. मग सूर्यावर लावून नळीवरची फिरकी, जिनं गाळणी नेमक्या रंगावर जुळवतात, ती पूर्ण फिरवायची. चित्र बदललं पाहिजे. अख्खी थाळी सारखी लाल दिसायला हवी, अर्धी अंधारी नको. त्याच सकाळचं एच-अल्फा चित्र मोबाइलवर उघडून शेजारी धरा. गाँग नावाच्या जाळ्यातल्या सहा वेधशाळा ती रोज देतात, त्यात आपली उदयपूर आहे. चित्रात डाव्या कडेला मोठी ज्वाळा आहे आणि नळीत नाही, तर पैसे खिशातच ठेवा.

ते पैसे कसे जमवले, हे लोक हळू आवाजात विचारतात. भिशी. आम्ही बाजारपेठेतले बारा जण, महिन्याला पाच हजार, एकाच्या हाती साठ. चिठ्ठीची भिशी, लिलावाची नाही, लिलावात गरजू माणूस चार-पाच हजार सोडून देतो. मी शेवटचा नंबर मागून घेतला, कारण आधी हातात आले असते तर पत्र्याच्या मालात गेले असते. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "साठ हजार देऊन दिसणार काय, तर सूर्य? तो फुकट दिसायलाय की." यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. भिशी नको असेल तर चौघांत भागीदारी करा, पण नळी कुणाच्या घरी राहील ते आधी ठरवा. शाळेसाठी असेल तर फिल्मवरच थांबा. आणि काहीही घेण्याआधी एकदा कुणाच्या तरी दुर्बिणीतून बघून या. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, तिथं जाणकार माणसं भेटतात. ग्रहणाच्या तोंडावर खरेदी करू नका, तेव्हा फिल्मसुद्धा मिळत नाही. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडं खंडग्रास आहे, पण ऑगस्टात ढगांवर कुणाचा भरवसा. १३ नोव्हेंबर २०३२ ला मात्र बुध सूर्यावरून जाणार आहे, आपल्याकडं भर दिवसा. त्याला साधी फिल्म पुरते.

स्टँडवर पैसे घालवू नका. तीन इंची जीआय पाइप, खाली आठ मिलिमीटरची प्लेट, आत कोरडी वाळू ठासून भरलेली, वर फोटोच्या ट्रायपॉडचं डोकं. वाळूमुळं थरथर मरते. माझा पाइप भंगारातला. कुठलाही वेल्डर तासाभरात करून देईल.

पहिल्यांदा बघताना घाई नको. डोक्यावरून काळा टॉवेल घ्या, आयपीसभोवती गुंडाळा, दोन-तीन मिनिटं डोळा अंधाराला सरावू द्या. वीस मिलिमीटरच्या आयपीसनं वीसपट दिसतं, पूर्ण थाळी मावते. फोकस कडेवर आणा. मग फिरकी केसभर, केसभर. आधी नुसता लाल गोळा, मग कडेला पुसट केसासारखं काहीतरी, आणखी थोडं फिरवलं की ते उभं राहतं. पृष्ठभागाचे तंतू थोड्या वेगळ्या जागी नीट दिसतात, कडेच्या ज्वाळा वेगळ्या, तेव्हा दोनदा जुळवावं लागतं. पहिल्या दिवशी मला तीन मिनिटं काहीच दिसलं नाही आणि साठ हजार आठवून पोटात गोळा आला. बायकोला मात्र टॉवेल घेतल्या-घेतल्या दिसलं. "अगं बया, चुलीच्या तोंडातून जाळ बाहेर येतोय तसं," म्हणाली, आणि टॉवेल काही सोडेना. आता सकाळी साडेसातला नळी पाइपावर चढवायचं काम तिच्याकडं आहे, माझ्या हाताला ग्रीस असतं म्हणून.

बघायला यायचं असेल तर साडेसात ते नऊ. नऊला वेल्डिंग सुरू होतं, मग नळी डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. रविवारी दुकान बंद असतं, पण नळी बाहेर असते.